उलटे सोवळे

सोवळे हा शब्द आता घराघरांतून हद्दपार होत चालला आहे. तरुण वाचकांना तो कदाचित समजावूनच सांगावा लागेल. पहाटे स्नान करायचे, धूतवस्त्र नेसायचे आणि मग स्वयंपाक व देवपूजा आटोपेपर्यंत कोणाला शिवायचे नाही, कोणाला शिवू द्यायचे नाही. मध्येच कोणाचा पदर लागला, बाहेरून आलेले पोर बिलगले, की सोवळे मोडले; पुन्हा स्नान. या आचाराची आम्ही पुष्कळ थट्टा केली आहे, आणि त्याच्या पोटात जी जातीची क्रूरता होती तिची थट्टा करून भागत नाही, तिची लाजच वाटली पाहिजे. पण आज मला त्याच्या एकाच अंगाविषयी बोलायचे आहे. सोवळ्याचे तर्कशास्त्र असे, की मी शुद्ध आहे आणि विटाळ बाहेर आहे. तो तुझ्याकडून माझ्याकडे येतो. म्हणून तू दूर राहा.

हे तर्कशास्त्र केवळ आपल्याच आजीबाईंचे होते असे मात्र समजू नये. युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचेही तेच होते.

१८४६-४७ सालची व्हिएन्ना शहरातली हकिकत आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागात शेकडा ३ हूनही कमी. जिथे विद्या अधिक तिथेच मरण अधिक! इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला या आकड्यांनी झोप येईनाशी झाली. पुढे त्याचा एक सहकारी शवविच्छेदन करताना सुरी लागून आजारी पडला आणि बाळंतिणींच्या तापासारख्याच लक्षणांनी वारला. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिगृहात येत होते. मरण त्यांच्याच बोटांना चिकटून येत होते. त्याने क्लोरिनमिश्रित चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. १८४८ साली त्या विभागातले मृत्यू शेकडा सव्वापर्यंत खाली आले.

आता वाचकांना वाटेल की या माणसाची मिरवणूक निघाली असेल. निघाली नाही. पुष्कळ डॉक्टर रागावले. सभ्य, सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसांचे हात घाणेरडे आहेत, असे हा म्हणतो काय? १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याच वर्षी ब्रिटनमधला लिस्टर कार्बोलिक ॲसिडने जखमा धुऊ लागला होता. जगाला सेमेलवाइसचे म्हणणे पटले, पण ते ऐकायला तो उरला नव्हता.

सेमेलवाइसचा अपराध काय होता? त्याने सोवळे उलटे केले होते. तो म्हणत होता की विटाळ तिच्यात नाही, माझ्यात आहे. तो तिच्याकडून माझ्याकडे येत नाही. माझ्याकडून तिच्याकडे जातो. म्हणून हात मी धुवायचे आहेत, आणि ते तिच्यासाठी धुवायचे आहेत. विज्ञानाच्या दृष्टीने ही एक साधी सूचना. पण नीतीच्या दृष्टीने पाहिले तर माणसाच्या अहंकाराला याहून अवघड वळण क्वचितच कोणी दिले असेल. दुसऱ्याची घाण आपल्याला लागेल ही भीती बाळगायला शिकावे लागत नाही. आपली घाण दुसऱ्याला लागेल ही भीती मात्र शिकावी लागते, आणि रोज नव्याने शिकावी लागते.

काही वर्षांपूर्वी एका नातलगाच्या आजारपणात मला एका रुग्णालयात चार दिवस बसून राहावे लागले. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते कोणतेही असू शकेल. रुग्णापाशी बसणाऱ्याला दुसरा उद्योग नसतो. मी येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात पाहत बसलो. भिंतीवर हात कसे धुवावेत याची सात-आठ चित्रे लावलेली होती. ती चित्रे तिथल्या प्रत्येकाला पाठ असणार. परीक्षा घेतली असती तर सगळे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते. तरीही एका खाटेवरचा ताप पाहून तोच हात दुसऱ्या खाटेवरच्या सलाइनच्या नळीला लागत होता. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जखमेची पट्टी बदलली, उलटी पुसली, रक्त हाताला लागले, की तीच माणसे तातडीने नळाकडे जात आणि कोपरापर्यंत हात धूत.

म्हणजे हात धुण्याचे ज्ञान होते, सवय होती, पाणीही होते. फरक फक्त केव्हा, एवढाच होता. रुग्णाला शिवल्यानंतर हात धुतले जात होते. शिवण्यापूर्वी फारसे नाही.

हा माझा एकट्याचा अनुभव असता तर मी तो इथे लिहिलाही नसता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णसेवकांसाठी हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग नेमून दिले. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक ठेवायच्या कामापूर्वी, रक्त किंवा अन्य स्रावांचा संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. त्यानंतर देशोदेशी ज्या पाहण्या झाल्या त्यांत पुन्हा पुन्हा हेच आढळले, की ‘नंतर’चे हात पुष्कळ जण धुतात, ‘पूर्वी’चे त्या मानाने कमी. नंतरचे धुणे बव्हंशी स्वतःसाठी असते, पूर्वीचे दुसऱ्यासाठी. जुने सोवळे अंगात किती खोल मुरले आहे पाहा! शिक्षणाने त्याला केवळ पांढरा अंगरखा चढवला.

तर मग रुग्णसेवक स्वार्थी असतात असे म्हणावे काय? इतक्या झटपट निकाल देण्याच्या मी विरुद्ध आहे. आमच्या आर्वीला माझ्या परिचयाच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. हयात सरकारी नोकरीत गेली. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही हात मोजले. खाटा मोजल्या का?”

मी घरी येऊन हिशेब मांडला. एका परिचारिकेकडे तीस रुग्ण आहेत असे धरू. एका फेरीत प्रत्येकाच्या आधी आणि नंतर मिळून साठ वेळा हात स्वच्छ करायचे. साबणाने नीट धुवायला एक मिनिट, आणि नळ जर दालनाच्या टोकाला असेल तर जायला-यायला आणखी एक मिनिट. म्हणजे दोन तास नुसत्या हात धुण्यात गेले. औषधे, सुया, ताप, टाचण आणि नातेवाइकांचे प्रश्न वेगळेच. हेच निर्जंतुक द्रावणाची बाटली प्रत्येक खाटेला टांगलेली असली तर एका वेळी अर्धे मिनिट पुरते, आणि दोन तासांचा अर्धा तास होतो. दीड तासाचे हे अंतर परिचारिकेच्या नीतीने भरून निघणार नाही. ते भरायचे काम बाटली विकत घेणाऱ्याचे, जागा मंजूर करणाऱ्याचे, आणि शेवटी त्यांना निवडून देणाऱ्या तुमचे-आमचे आहे. कोणालाही पाळता येणार नाही असा नियम भिंतीवर टांगून ठेवायचा आणि मोडला की बोट दाखवायचे, याला नीती म्हणत नाहीत.

परंतु हिशेबाने सगळेच सुटत नाही. बाटली खाटेला टांगलेली असूनही हात पुढे होत नाही, असेही घडते. बाई स्वतःच म्हणाल्या, “रुग्णाला उचकी लागली, पोर खाटेवरून पडायला आलं, की आम्ही धावतो. त्या वेळी हात आठवत नाहीत.” इथे आडवा येतो तो स्वार्थ नव्हे, आळसही नव्हे. इथे आडवी येते ती दया! साथीच्या दिवसांत हा पेच अधिकच तीव्र होतो. कणव म्हणते धाव; शिस्त म्हणते थांब. कोणाचे ऐकावे?

या प्रश्नाची दोन्ही टोके आपल्या महाराष्ट्राने एकाच वर्षी पाहिली आहेत. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरले. माजघरात, देवघरात गेले, माणसांना तपासणीसाठी बाहेर काढले, सामान जाळले. रोगी वेगळे ठेवावेत हा नियम मुळात चुकीचा नव्हता. पण ज्याच्यासाठी नियम करायचा त्या माणसाचाच त्यात पत्ता नव्हता. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळीने झाला. कणव नसलेली शिस्त लोकांना रोगाहून भयंकर वाटली. लोक रोगी लपवू लागले, आणि लपवलेला रोग वाढतच जातो.

त्याच पुण्याजवळ, त्याच दिवसांत, सावित्रीबाई फुले आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले असे सांगतात. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या घराने १८६८ साली आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करून जुने सोवळे मोडले, त्याच घरच्या बाईने अखेरीस रोग्याला पाठीवर घेतले, यात मला नवल वाटत नाही. ते एकाच आयुष्याचे दोन टप्पे होते.

प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. सिमॉं या फ्रेंच डॉक्टराने ते कराचीला १८९८ साली दाखवून दिले. हाफकिन साहेबांनी आपली प्लेगची लस मुंबईत स्वतःलाच टोचून घेतली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे सावित्रीबाईंजवळ कणव होती, पण त्या कणवेला चढवायला त्या काळाजवळ चिलखतच नव्हते. त्यांच्या त्यागापुढे मान लववावी तेवढी थोडीच. पण आज त्या उदाहरणाचा एक गैरवापर होतो तो सांगितला पाहिजे. आज चिलखत आहे. ते असताना परिचारिकेला ते द्यायचे नाही, आणि भाषणात मात्र तिला त्यागमूर्ती म्हणायचे, ही चोरी आहे. तसेच ते हाताशी असताना “मी भीत नाही” म्हणून ते न घालणे हे शौर्य नव्हे. तुझी छाती निधडी असेल. पण पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची फुप्फुसे तुझ्या छातीवर चालत नाहीत.

या सगळ्याची परीक्षा आपण अगदी अलीकडे दिली. वर्धा जिल्ह्यात करोनाचा पहिला रुग्ण मे २०२० मध्ये निघाला, आणि तो आमच्याच आर्वी तालुक्यात. निदान झाले ते मृत्यूनंतर. हे वाक्य सावकाश वाचावे. ज्यांनी त्या रुग्णाला तपासले, उचलले, धीर दिला, त्यांना आपण कशाला शिवत आहोत हे ठाऊक नव्हते. साथीचा स्वभावच असा आहे. ती कपाळावर नाव लिहून येत नाही. म्हणून ‘रोगी दिसला की काळजी घेऊ’ हा नियम साथीत निरुपयोगी ठरतो. काळजी सर्वांच्याच बाबतीत घ्यायची, म्हणजे कोणाच्याही बाबतीत संशय धरावा लागत नाही. उलट्या सोवळ्याचा हा मोठाच गुण आहे. जुन्या सोवळ्यात आधी माणसाची जात विचारावी लागे. यात माणूस कोण हे विचारण्याची गरजच उरत नाही. प्रश्न एकच, माझे हात कसे आहेत?

त्या वर्षी आपण काय केले? २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता रुग्णसेवकांसाठी आपण थाळ्या वाजवल्या. त्यात खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी परिचारिकांना आणि डॉक्टरांना भाड्याची घरे सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. कुठे तपासणीला गेलेल्या पथकांवर दगड आले. दारात थाळी वाजवणारे हात आणि दार लावून घेणारे हात फार वेगळे होते असे मला वाटत नाही. जुने सोवळे अडगळीतून पुन्हा बाहेर आले, एवढेच. २२ एप्रिल २०२० ला सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि रुग्णसेवकांवरील गंभीर हल्ल्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. गंमत अशी की हा बदल ज्या कायद्यात झाला तो तोच, १८९७ चा. जो कायदा एके काळी लोकांवर वचक बसवण्यासाठी झाला, तोच १२३ वर्षांनी सेवकांना लोकांपासून वाचवण्यासाठी वापरावा लागला!

आमच्या जिल्ह्याने तरी हे घडू देऊ नये असे मला वाटते, कारण या बाबतीत आमच्या जिल्ह्याच्या गाठी काही पुण्याई आहे. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. १९३९ साली परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले असे सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. सगळे जग ज्याला शिवत नव्हते त्याला शिवायचे. पण ते चमत्कार म्हणून नव्हे, तर रोजच्या वेळापत्रकातले एक काम म्हणून. कणव आणि शिस्त यांचे भांडण मिटण्याची मला दिसलेली ही एक वाट आहे. कणव जेव्हा रोजची होते, वेळेवर येते, आपले साधन जागच्या जागी ठेवते, तेव्हा तिलाच शिस्त म्हणतात.

आणखी एका माणसाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. रुग्णालयात डॉक्टर असतो, परिचारिका असते, आणि मग एक माणूस असतो ज्याचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसते. तो फरशी पुसतो, भांडी उचलतो, पिशव्या बांधून नेतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने भरलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत जायच्या, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात. वरच्या माणसाने घाईत सुई पिवळ्या पिशवीत टाकली तर ती टोचते ती या शेवटच्या माणसाला. ज्ञान वरून खाली येत येत झिरपून संपते. धोका मात्र खाली येत येत साचतो. प्रशिक्षणाच्या वेळी खुर्च्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना मिळतात; हा दारात उभा राहून ऐकतो, किंवा तेवढ्या वेळात चहाचे पेले गोळा करतो. आणि हा माणूस पुष्कळदा त्याच समाजातून आलेला असतो ज्यांना जुन्या सोवळ्याने शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवले होते. सुई योग्य डब्यात टाकणे ही केवळ स्वच्छता नव्हे. ती त्या माणसाला दिलेली, उशिरा का होईना, माणुसकीची पावती आहे.

कोणी म्हणेल, या मुखपट्ट्या आणि हातमोजे यांनी माणूस माणसापासून दूर गेला. करोनाच्या दिवसांत कितीतरी जण आपल्या माणसाचा हात हातात न घेता गेले, हे दुःख लहान नाही. पण नीट पाहा. त्या शेवटच्या घटकेला जो हात त्यांच्या हातात होता तो हातमोज्यातला होता, आणि तो होता म्हणूनच कोणाचा तरी हात त्यांच्याजवळ जाऊ शकला. जुने सोवळे ‘शिवू नको’ म्हणून थांबते. उलटे सोवळे म्हणते, ‘हात धू, आणि शिव.’ स्पर्श टाळण्यासाठी जुना आचार होता; स्पर्श करता यावा म्हणून नवा आहे. दोन्हींत पाणी तेच, हात तेच. फक्त पाणी ओतताना मनात कोण आहे, यानेच सगळा फरक पडतो.

आणि असा हात धुणाऱ्याला कोणी धन्यवाद देत नाही, हेही खरे. औषध दिले, रुग्ण बरा झाला, तर तो पाया पडतो. पण हात धुतल्यामुळे जो रोग झालाच नाही, त्याचे आभार कोण मानणार? ज्याचा जीव वाचला त्याला तो धोक्यात होता हेच कळत नाही. साक्षीदार नसलेले, फळ न दिसणारे, दिवसाला साठ वेळा करायचे असे हे पुण्य आहे. निष्काम कर्मावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्याचा याहून सोपा आणि याहून अवघड पाठ मला दुसरा माहीत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाचे डबे भरलेले असतील. धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करू. त्या रात्रीही आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि गावोगावच्या दवाखान्यांत कोणीतरी रात्रपाळीवर असेल. कोणी आप्त तिथे असेल तर भेटायला अवश्य जा, पण खाटेवर बसू नका, आणि त्याला शिवण्यापूर्वी हात धुवा. सिस्टर हात धुवायला नळाकडे गेली आणि तुमच्या रुग्णाकडे यायला मिनिटभर उशीर झाला, तर रागावू नका. ते मिनिट ती तुमच्याच माणसासाठी देत असते.